कॅरिबियन बेटावरच्या घराण्याची कादंबरी अडली आहे? आधी पैसा कुठून आला ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन पिढ्यांची कौटुंबिक कादंबरी लिहायला घेतली आहे, घडते कॅरिबियनमधल्या एका बेटावर. फ्रेंच आडनावाचं गोरं मळेवालं घराणं, त्यांच्या मळ्यावर राबायला आलेल्या भारतीयाची नात, घराण्यातल्या मुलाशी तिचं प्रेम, मेजवान्या, मोत्यांच्या माळा, भाऊबंदकी. दीडशे पानं झाली आणि गाडी अडली. बहिणीने वाचून "मालिका वाटते" असं सांगितलं. आता तुम्ही विचारताय, न पाहिलेलं बेट खरं ठेवावं की काल्पनिक, आणि समुद्राची वर्णनं जिवंत कशी करावीत.

मी सव्वीस वर्षं कादंबऱ्यांचं संपादन करते, त्यात घराण्यांच्या कादंबऱ्या बऱ्याच आल्या. दोन स्वतःही लिहिल्या, त्यातली एक चालली. एवढ्या शिदोरीवर सांगते: समुद्र ही तुमची अडचण नाही. प्रश्नासोबत तुम्ही जी चार पानं दिलीत त्यात नायिकेच्या आईच्या माळेवर अकरा ओळी आहेत, आणि घराण्याच्या उत्पन्नावर अर्धं वाक्य: "त्यांचे मोठमोठे मळे होते." कशाचे? ऊस, कोको, नारळ? तिन्हींचे मालक वेगळे, मजूर वेगळे, बुडण्याची सालंही वेगळी. हस्तलिखित वाचताना मी मनातल्या मनात गाव बदलून पाहते. तुमचं बेट उचललं आणि तिथे अलिबाग ठेवलं, तर गोष्टीत काय बिघडतं? काहीच नाही. बहिणीला जे खटकलं ते हेच असावं. मालिकेतल्या बंगल्यात पण कोणी कधी कामाला जाताना दिसत नाही.

आता खरं की काल्पनिक. याला सरसकट उत्तर नाही. गोष्ट एका हवेलीत, एका सुट्टीत, चार माणसांत घडणार असेल तर काल्पनिक बेट खुशाल घ्या. तीन पिढ्या घेतल्या की बेटाला कायदे, पीक, राज्यकर्ते, धर्म, शाळा सगळं लागतं, आणि ते पदरचं रचणं हे खरं शोधण्यापेक्षा दुप्पट काम. शिवाय कॅरिबियन म्हणजे एक मुलूख नाही. बार्बाडोस १६२७ पासून १९६६ मधल्या स्वातंत्र्यापर्यंत इंग्रजांकडेच होतं. मार्टिनिक आजही फ्रान्सचा भाग. त्रिनिदाद आधी स्पेनचं, १७९७ मध्ये इंग्रजांनी घेतलं, आणि मळेवाले मात्र फ्रेंच. कारण १७८३ मध्ये स्पेनच्या राजाने फर्मान काढून कॅथलिक मळेवाल्यांना तिथे जमिनी देऊ केल्या. जितके गुलाम आणाल तितकी जमीन जास्त. आसपासच्या बेटांवरचे फ्रेंच गुलामांसकट येऊन बसले. तुमच्या घराण्याच्या वैभवाची पहिली पायरी ही आहे, आणि ती मोत्यांच्या माळेखाली झाकली गेली आहे.

फ्रेंच मळेवाले आणि भारतीय वंशाची नायिका एकाच कादंबरीत, म्हणजे कळत-नकळत तुम्ही त्रिनिदादच्याच जवळ आला आहात. मग बेट खरं ठेवा. मळा, घराणं आणि हवेली काल्पनिक. मी बहुतेकांना हेच सुचवते. खऱ्या घराण्यांच्या वाटेला जायचं नाही, आणि खऱ्या पावसाला मात्र धक्का लावायचा नाही.

पावसावरून आठवलं: तुमच्या आराखड्यात शेवटी चक्रीवादळ येऊन हवेली उडवतं. त्रिनिदाद वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याला जवळजवळ चिकटून आहे. तिथे असं वादळ क्वचितच येतं. ग्रेनाडा असतं तर गोष्ट वेगळी. तिथे २००४ मध्ये आयव्हन वादळाने जायफळाच्या बागाच्या बागा झोपवल्या. तुम्हाला घराणं बुडवायचंच आहे ना? त्यासाठी त्रिनिदादमध्ये वादळापेक्षा भारी वस्तू आहे. एक बुरशी.

इथे जरा थांबून कोकोबद्दल लिहिते, कारण तुमची कादंबरी तिथेच सुटेल असं मला वाटतं. कोकोचं फळ फांदीच्या टोकाला लागत नाही, फणसासारखं थेट बुंध्याला लटकतं. झाडाला सावली लागते, म्हणून मळ्यात मधूनमधून इमॉर्टेलची उंच झाडं लावत. हे इमॉर्टेल आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातलं. कोरड्या दिवसांत पानं गाळून केशरी-लाल फुलतं, तेव्हा अख्खी टेकडी पेटल्यासारखी दिसते. मराठी वाचकाला "एक विदेशी वृक्ष" म्हणण्यापेक्षा "पांगाऱ्याचा चुलतभाऊ" म्हटलंत तर तो तुमच्याबरोबर मळ्यात येईल. फळ फोडलं की आत पांढऱ्या, आंबटगोड गरात बिया. त्या लाकडी पेट्यांत भरून वर केळीची पानं घालून सहा-सात दिवस आंबवायच्या. त्या दिवसांत आवारभर आंबूस वास, व्हिनेगरसारखा. मग वाळवण. त्यासाठी उंचावर लाकडी फळ्यांची जमीन आणि तिच्यावर रुळांवरून सरकणारं छप्पर. ऊन असलं की छप्पर मागे ढकलायचं, ढग आला की धावत जाऊन पुढे ओढायचं. आणि बियांना चकाकी यावी म्हणून बायका-पुरुष अनवाणी त्यांच्यावर पाय घासत गोल फिरत. तिथे याला "कोको नाचवणं" म्हणत.

आता तुमची नायिका आणि तो मुलगा पहिल्यांदा कुठे भेटतात? तुम्ही लिहिलंय, नाचाच्या दिवाणखान्यात, झुंबराखाली. माझं मत: पहिली ठिणगी एक पिढी आधीची असू द्या, आणि ती या वाळवणावर पडू द्या. सर आली आहे, छप्पर अडकलं आहे, मालकाचा मुलगा आणि मजुराची मुलगी दोघं एकाच बाजूने ढकलतायत, कारण बिया भिजल्या तर दोघांचंही नुकसान. तिच्या पायांना वाळत्या बियांचा तपकिरी रंग, त्याच्या बुटांना काहीच नाही. हा पण नाचच आहे. झुंबराखालचा नाच दुसऱ्या पिढीत येऊ द्या, वाचकाला पहिला आठवेल.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला कोकोने त्रिनिदादमध्ये पैशाचा पाऊस पाडला. पोर्ट ऑफ स्पेनला क्वीन्स पार्क सव्हाना नावाचं मोठं मैदान आहे, त्याच्या पश्चिमेला ओळीने सात दिमाखदार इमारती उभ्या आहेत, बहुतेक १९०० नंतरच्या दहा-एक वर्षांतल्या. त्यातली व्हाइटहॉल एका कोकोमळ्याच्या मालकाने बांधवली. दुसऱ्या महायुद्धात ती अमेरिकन सैन्याने वापरली, आणि स्वातंत्र्यानंतर तिथे पंतप्रधान एरिक विल्यम्स यांचं कार्यालय आलं. एका घराच्या जिन्यावरून आधी मळेवाला, मग गणवेशातला परका, मग मजुरांच्या आणि गुलामांच्या वंशजांनी निवडून दिलेलं सरकार. तुमच्या तीन पिढ्यांचा सांगाडा तुम्हाला आयता मिळाला. ती इमारत घेऊ नका, तिचा क्रम घ्या.

आणि बुरशी. १९२० च्या सुमारास कोकोचे भाव कोसळले. पाठोपाठ १९२८ मध्ये बेटावर "विचेस ब्रूम" नावाचा रोग सापडला. फांद्यांना केरसुणीसारखे झुबके फुटतात, फळं वाया जातात. नाव अक्षरशः चेटकिणीची केरसुणी. मग जागतिक मंदी. म्हणजे तुमच्या घराण्यात १९२५ ला लग्नात शंभर पाहुणे जेवले असतील तर १९३२ ला तीच चांदीची भांडी गहाण पडलेली असतील. कोणी खलनायक लागत नाही. मुलाने कोणाशी लग्न करायचं हा प्रश्न अचानक बँकेचा होतो, आणि तिथे प्रेमाला खरा अडथळा मिळतो.

दुसरी बाजू, नायिकेची. ३० मे १८४५ ला फतेल रझाक जहाजातून सव्वादोनशेच्या आसपास भारतीय मजूर पहिल्यांदा पोर्ट ऑफ स्पेनला उतरले. १९१७ मध्ये ही करारबद्ध मजुरी थांबेपर्यंत सुमारे १,४३,००० माणसं तिथे गेली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारातून, कलकत्त्याच्या बंदरातून, काही मद्रासहून. पाच वर्षांचा करार, ऊसमळ्याची चाळवजा बराक. करार संपल्यावर बरेच जण परतलेच नाहीत. यातला एखादा आजा कोकोकडे कसा वळला असेल? तिथे एक पद्धत होती: मळेवाला रानाचा तुकडा ठेकेदाराला देई. त्याने रान तोडायचं, कोको लावायचा, चार-पाच वर्षं जपायचा, मधल्या जागेत स्वतःपुरतं भाजी-धान्य पिकवायचं. झाडं फळाला आली की मळेवाला झाडामागे ठरलेली रक्कम देऊन तुकडा परत घेई. हे वाचलंत तेव्हा तुमच्या डोक्यात काही हललं का? माझ्या तर हललं. हवेलीची प्रत्येक खिडकी ज्या झाडांच्या पैशाची, ती झाडं नायिकेच्या आजाने लावलेली आहेत.

आणि आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट, जी मला स्वतःला उशिरा कळली. १९४५ च्या कायद्याआधी त्रिनिदादमध्ये पंडिताने होम करून लावलेलं हिंदू लग्न सरकारदरबारी लग्न नव्हतं. वेगळी नोंद केली असेल तरच. नसेल तर मुलं कायद्याने अनौरस, आणि बाप मृत्युपत्र न करता गेला की वारसाहक्काचा घोळ. शंभर माणसांसमोर सात फेरे घेतलेली बाई कागदावर कोणाचीच नाही. तुमच्या कादंबरीत भाऊबंदकी आहे, पण ती "त्याचा स्वभावच कपटी होता" यावर उभी आहे. तिला या कागदावर उभी करा. आजा १९३६ ला वारला, सहा एकर जमीन मागे, आजीकडे लग्नाचा दाखला नाही. चुलता कपटी असण्याची गरजच नाही, नुसता घाबरलेला असला तरी पुरे. आणि गोऱ्या घरातला मुलगा जेव्हा म्हणतो "आपण लग्न करू", तेव्हा मुलीच्या घरचे विचारणार: चर्चमध्ये की मांडवात? चर्चमध्ये केलं तर धर्म गेला, मांडवात केलं तर हक्क गेला. मला सांगा, याहून चांगला तिढा कुठला झगमगाट देईल?

पुढच्या दोन पिढ्यांवर मी भरभर जाते, कारण पायाच नीट पडला तर त्या आपोआप उठतील. महायुद्धात अमेरिकनांनी शाग्वारामासला नाविक तळ उभारला. डॉलर आले, मळ्यापेक्षा किती तरी चांगली मजुरी आली, रात्री जागणारे क्लब आले. पहिल्यांदाच झगमगाट मळेवाल्यांच्या हातातून निसटला. हमालाच्या मुलीच्या अंगावर पण नायलॉनचे मोजे दिसायला लागले. ३१ ऑगस्ट १९६२ ला स्वातंत्र्य. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि बेटावर पुन्हा पैसा वाहू लागला. १९७७ मध्ये त्रिनिदादची जॅनेल कमिसियाँग मिस युनिव्हर्स झाली, तो किताब मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय. तुम्हाला "ग्लॅमर" हवंय तर तिसऱ्या पिढीतलं ग्लॅमर हे आहे, रेडिओभोवती जमलेल्या सगळ्या गल्लीच्या मालकीचं. कार्निव्हलचंही तसंच: राखेच्या बुधवारच्या आधीचे सोमवार-मंगळवार. गोव्याचा कार्निव्हल त्याच दिवसांत येतो, त्यामुळे आपल्याकडे पण तारीख परकी नाही. पण मिरवणुकीचं वर्णन पाव पानात उरका. त्याआधीचे दोन महिने दाखवा: तारेचा सांगाडा, सरसाचा वास, बोटाला टोचलेली सुई, उधारीवर आणलेले मणी. झगमगाट जवळून पाहिला की त्याची शिवण दिसते, आणि वाचकाला शिवणच आवडते.

एक खास आपला दुवा आहे, तो वापरायचा मोह तुम्हाला होणारच. ६ मार्च १९७१ ला सुरू झालेली कसोटी, पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल. वाडेकरांचा संघ, गावसकरांची पहिली कसोटी, मडगावच्या सरदेसाईंचं शतक, आणि वेस्ट इंडिजवर भारताचा पहिलावहिला कसोटी विजय. मोह टाळू नका, पण "आपण जिंकलो" म्हणून लिहू नका. तुमच्या नायिकेच्या घरात त्या दिवसांत प्रश्न वेगळा आहे: भारताच्या बाजूने कोण? जिने भारत कधी पाहिला नाही ती आजी, की ज्यांना शेजारी "तुमचा संघ" म्हणून चिडवतात ती नातवंडं? एका रेडिओभोवती तीन पिढ्या बसवा आणि धावसंख्या मागे राहू द्या.

भाषेबद्दल दोन गोष्टी. तिथल्या भारतीय घरांत वडिलांचे आईवडील म्हणजे आजा-आजी, आईचे ते नाना-नानी. भोजपुरीतून आलेलं. मराठी लेखकाला ही लॉटरीच आहे. भाषांतर न करता "आजी" लिहा, दोन्हीकडे खरं. पण म्हणून त्या आजीला मराठी करू नका. तुमच्या नायिकेचं नाव शर्वरी आहे. १९२० च्या दशकात बिहारी मजुराच्या घरात शर्वरी जन्मत नाही. जानकी, सुगिया, रामदुलारी असं काही ठेवा. आडनाव बहुतेकदा बापाचंच पहिलं नाव असे, तेही कारकुनाने ऐकू आलं तसं लिहिलेलं. दुसरी गोष्ट, सगळा संवाद साध्या मराठीत ठेवून तिथले दोन-तीनच शब्द तसेच राहू द्या. मी असते तर "टबँका" नक्की ठेवला असता. प्रेमभंगानंतर माणूस जेवत नाही, दाढी करत नाही, रस्त्यात मध्येच थांबतो, त्या आजाराला त्रिनिदादमध्ये हे नाव आहे. "विरहव्यथा" म्हणालात की पात्र एकदम खांद्यावर शेला घेऊन उभं राहतं.

न पाहिलेल्या जागेबद्दल लिहावं का, असं पण तुम्ही शेवटी विचारलंय. लिहावं, पण वनस्पती, ऋतू आणि कायदा या तिन्हींची खात्री केल्याशिवाय नाही. माझ्या पहिल्या कादंबरीत कोडगूच्या मळ्यावर मी "कॉफीच्या लाल फुलांचा सडा" घातला होता. महिन्याभरात एक पोस्टकार्ड आलं, एकच ओळ: "बाई, कॉफीचं फूल पांढरं असतं, लाल असतं ते फळ." सही पण नव्हती. ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. समुद्राचा रंग चुकला तर कोणी पत्र लिहीत नाही, फुलाचा चुकला की लिहितं.

आता काय करायचं ते. दीडशे पानं फाडू नका, पण कपाटात ठेवा. एका मोठ्या कागदावर उभी सालं आणि आडवी पात्रं मांडा, प्रत्येक चौकटीत त्या साली त्या पात्राचं वय आणि उत्पन्न लिहा. तुमच्या आराखड्यानुसार पहिल्या साठ पानांत एकोणीस नावं आहेत. ज्याच्या चौकटीत उत्पन्न लिहिता येत नाही ते पात्र बहुधा नकोच आहे. किती पात्रं राहतील हे तुमच्या दमावर अवलंबून आहे, माझा अनुभव असा की आतून दिसणारी पाच-सहा माणसं पुरतात.

मग एकच प्रसंग नव्याने लिहा. साल १९०६. आजाचा ठेका संपला आहे, मालकाचा माणूस वही घेऊन झाडं मोजायला आला आहे. फळाला आलेल्या झाडाचेच पैसे, रोपाचे नाहीत. मोजणारा बाराशे म्हणतो, आजा चौदाशे. आजाला वाचता येत नाही, पण प्रत्येक झाड त्याने हाताने लावलंय, त्यामुळे त्याचा आकडा चुकणं शक्य नाही. मालकाचा आठ वर्षांचा मुलगा बरोबर आलाय, त्यानेही मनातल्या मनात मोजलंय, आणि तो गप्प राहतो. ती दोनशे झाडं कुठे गेली, ते नायिकेला १९७१ मध्ये एका जुन्या वहीत सापडू दे.

चार पानांत बसवा. झाली की इथेच टाका, मी वाचते.